अक्काच्या फोनची घंटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या दादाला नाही. ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांतली एक आता नाही, आणि दुसरी — दुसरी माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती, तेव्हाही नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. त्यात धाडस शोधू नका.

गोष्ट एका मोबाइलची आहे. हसा हवं तर. सुरुवातीला मलाही ती हसण्यासारखीच वाटली होती.

मी भोकरदनला एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. पगार बेताचा, वाचायला भरपूर, आणि लोकांचा डामडौल बघून मनातल्या मनात हसायला त्याहून भरपूर. वाचनालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तीन नारळ फुटले, चार भाषणं झाली आणि पुढं सहा महिने तो झाकूनच राहिला — धूळ बसू नये म्हणून. मोबाइल नवे होते तेव्हा तर विचारू नका. गळ्यात दोरी घालून लोक हँडसेट लग्नात मिरवायचे. आमचे एक संचालक दोन-दोन बाळगायचे. त्यातल्या एकात सिमच नव्हतं. हे मी रंगवून सांगायचो. माझा स्वतःचा साधा, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा होता. एकदा जिन्यावरून पडला आणि त्याची घंटी कायमची गेली. तेव्हापासून नुसता थरथरायचा. वाचनालयाला शोभेल असा फोन आहे, असं मी म्हणायचो. लोक हसायचे. मी खूश.

आता अक्का. माझी थोरली बहीण. कुंभार पिंपळगावला एकटी राहायची. नवरा लवकर गेला. गावातल्या शाळेत ती खिचडी शिजवायची. एकच लेक, वनिता — वडीगोद्रीच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. मूल होत नव्हतं, म्हणून सासरचे तिला कोंडून ठेवायचे. दोन-दोन दिवस, उपाशी. पण मारत नव्हते. आमच्याकडं एवढं असलं की सासर बरं म्हणतात. 'मारत न्हाईत ना, मंग झालं' — हे वाक्य आमच्या घरात कोण बोललं असेल? मीच. इतकी पुस्तकं वाचून.

आमच्याकडं आणखी एक रीत आहे. लेक एकटी माहेरी आली तर ती पळून आली. तिला आणायला माहेरचं माणूस गेलं तर ती माहेरपणाला आली. लेक तीच, एसटी तीच, तिकीटही तेवढंच — पण पळून आलेलीला परत नांदवायचं की नाही ते सासर ठरवतं आणि गाव महिनाभर चघळतं. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी यावर तोड तिनंच काढली. वडीगोद्रीच्या स्टँडवर एका टपरीत रुपया टाकून बोलायचा लाल डबा होता. ठरलं असं: सहन होईना झालं की वनितानं कसंही करून स्टँड गाठायचा, डब्यात रुपया टाकायचा, अक्काच्या मोबाइलवर तीन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. अक्कानं उचलायचा नाही. उचलला नाही की रुपया परत पडतो. तीन रिंगा म्हणजे 'ये'. का, काय झालं, कुणी काय म्हटलं — काही विचारायचं नाही. अक्का मिळेल त्या गाडीनं निघणार आणि उजळ माथ्यानं लेकीला घेऊन येणार.

हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. समोरून फोन न उचलणं, हाच निरोप पोचल्याचा निरोप होता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला अक्काचा फोन शाळेच्या खिचडीत पडला. कमरेला खोचलेला होता; ढवळायला वाकली, गेला. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. अक्काला लिहिता येत नव्हतं, म्हणून खुलासाही त्यांनीच लिहिला आणि त्यांनीच मान्य केला. सिमकार्ड धुऊन-पुसून चाललं. फोन मात्र गेला.

मी गेलो तेव्हा तिनं बाराशे रुपये माझ्या हातावर ठेवले.

"मला त्यातलं काय बी समजत न्हाई," म्हणाली. "फोटू नको, गाणे नको. घंटी तेवढी मोठी पाहिजे बघ. डाव्या कानानं कमी ऐकू येऊन राह्यलं मला. तू शिकलेला, तू बघून घे."

जालन्यात जुन्या हँडसेटांचं एक दुकान होतं. दुकानदार अझहरभाई, सरळ माणूस. बहिणीसाठी आहे म्हटल्यावर त्यानं खालच्या कप्प्यातून एक जाडजूड काळा फोन काढला. "हाच घ्या सर. दिसायला दगड आहे, पर आवाज असा की मुर्दा उठून बसंल." वाजवून दाखवला. शेजारच्या दुकानातला माणूस खरंच वळून बघायला लागला. बाराशेत तो बसत होता. काम झालं होतं — दहा मिनिटांत.

मग मी निघालो का नाही?

कारण काचेखाली दुसरा एक होता. रंगीत पडदा, मागं कॅमेरा, कडांना चांदीसारखी चकाकी. पुढच्या महिन्यात वाचनालयांच्या एका मेळाव्यात माझा सत्कार होणार होता — हो, शाल आणि श्रीफळ, ज्याच्यावर मी वीस वर्षं विनोद केले तेच. स्टेजवर बसलेला मी माझ्या डोळ्यांसमोर आला. शर्टाच्या खिशातून तो चकचकीत फोन थोडा वर आलेला. हे चित्र कुणी मला दुसऱ्याचं म्हणून सांगितलं असतं तर मी आठवडाभर हसलो असतो. माझ्याजवळचे पैसे आणि अक्काचे बाराशे मिळून तो येत होता.

तो मी घेतला. आणि माझा जुना, मुका फोन अक्काला द्यायचा असं ठरवलं.

अझहरभाईनं तो उघडून बघितला. "याचा बझर गेलाय. शंभर रुपये, एक घंटा थांबा, नवा टाकून देतो." मी म्हणालो, भोकरदनची गाडी आहे. गाडी होती, हे खरं. तिच्यानंतर दीड तासानं दुसरी होती, हेही खरं. आणि शंभर रुपये? खिशात होते. मला फक्त नवा फोन घेऊन गाडीत बसायचं होतं — दिवसाउजेडी, लोकांना दिसेल असं.

पुढच्या रविवारी अक्काकडं गेलो. वाटेत विचार करून ठेवला होता. घरात शिरल्याबरोबर एक स्टीलचं ताट मागितलं, पालथं घातलं, त्याच्यावर फोन ठेवला आणि माझ्या फोनवरून रिंग दिली. ताट खडखडलं. अक्का दचकली, मग हसायला लागली.

"अगं बाई! हे तर भुंग्यावाणी करून राह्यलं. घंटी कुठाय?"

"आजकालच्या फोनची घंटी अशीच असते, अक्का. ताटावर ठेवत जा, बराबर ऐकू येईल."

तिनं मान हलवली. मी शिकलेला होतो ना. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या फोनकडं गेलं. वाचनालयानं दिला, असं मी सांगितलं. तिनं तो पदरानं पुसला, परत दिला आणि म्हणाली, "शोभतो तुला."

तुम्ही म्हणाल, हीच चूक. लोभ, मोठेपणाची हौस, एक खोटं — माणसं करतात. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मे महिन्यात पुन्हा गेलो. अक्का अंगणात कुरडया घालत होती. मी आत गेलो, कोनाड्याकडं बघितलं, ताट नव्हतं. फोन घडी केलेल्या गोधडीवर ठेवलेला. अक्का बाहेरूनच बोलली, "पारूनं ताट नेलंय पापडाला, झाले तीन रोज. बघ बरं, कुणाचा आल्ता का."

मी बघितलं.

न उचललेले तीन होते. तिन्ही परवाचे. तिन्ही एकाच नंबरावरून, आणि नंबर अंबडकडचा, म्हणजे वडीगोद्रीच्या बाजूचा. पहिला सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. दुसरा दुपारी एक चाळीसला. तिसरा संध्याकाळी सहाला पाच कमी.

मला कळायला किती वेळ लागला असेल? काहीच नाही. ते तीन आकडे वाचता वाचता मला स्टँडवरचं बाकडं दिसलं, ऊन सरकताना दिसलं. तो फोन ताटावर असता तर कदाचित ऐकू आला असता. अझहरभाईचा दगड असता तर अंगणात काय, गल्लीत ऐकू आला असता. आणि हेही कळलं की अजून उशीर झालेला नव्हता. दोनच दिवस गेले होते. 'अक्का, ऊठ, वनिताचा होता' — एवढं म्हटलं असतं तर चिकाचे हात धुऊन ती निघाली असती आणि दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं त्या दारात उभे असतो. पण मग तिनं विचारलं असतं, वाजला कसा न्हाई? आणि मला त्या घंटीचं सांगावं लागलं असतं.

"न्हाई अक्का," मी म्हणालो. "कुणाचाच न्हाई."

आणि यादी पुसून टाकली. पुसायची का, असं त्या फोननं एकदा विचारलं. मी हो म्हटलं. मग बाहेर येऊन बसलो, चहा घेतला. अक्कानं तळून दिलेली कुरडई खाल्ली. छान झाली आहे, असंही म्हणालो.

फोन जरा सर्व्हिसिंगला नेतो, असं सांगून तो बरोबर घेतला. सिम काढून शेजारच्या पारूबाईच्या फोनात टाकून दिलं, म्हणजे नंबर चालू राहील. काळजी घेण्यात मी कुठं कमी पडलो नाही बघा. जालन्यात अझहरभाईनं नवा बझर टाकला. शंभर रुपये, एक तास. मी बाकावर बसून पेपर वाचला. आठवड्याभरानं फोन परत दिला तेव्हा अक्का कोण खूश. येईल-जाईल त्याला वाजवून दाखवायची. "भावानं नीट करून आणला," म्हणायची.

त्यानंतर तो मोठ्यानं वाजत राहिला. दादाचे फोन यायचे, चुकीचे नंबर यायचे. तीन रिंगा कधी आल्या नाहीत.

पावसाळ्यात अक्का स्वतःच वनिताकडं जाऊन आली. वनितानं पाणी दिलं, चहा दिला. दाराला टेकून बसली, पण वर बघितलं नाही. चल म्हटलं तर म्हणाली, 'राहू दे आता.' अक्का परत आल्यावर मला सांगत होती. "परक्यावाणी बोलली रे. रमली असंल. रमली तर चांगलंच की, न्हाई का?"

मी म्हणालो, चांगलंच.

दोन वर्षांनी, थंडीत, अक्का न्यूमोनियानं गेली. तेराव्याला वनिता आली, नवऱ्यामागं चालत. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. कुणी विचारलं नाही. मीही नाही. निरोपानिरोपीसाठी दादानं अक्काचाच फोन चालू ठेवला होता. कोनाड्यात, त्याच पालथ्या ताटावर. वनिता त्या कोनाड्यापाशी उभी होती आणि मी तिथून जात होतो, म्हणून बोलली. नाहीतर बोललीही नसती.

"मामा, एक सांगू का? दोन वर्षांमागं, उन्हाळ्यात, मी स्टँडवर दिवसभर बसल्ते. तीन डाव रिंगा दिल्त्या. तिन्ही डाव रुपया परत पडला. म्हटलं, आई निघाली. आता येईल, मंग येईल. सांजच्याला दीर आला मोटारसायकल घेऊन. गेले त्याच्या मागं."

मी काय म्हणालो माहीत आहे? "तिकडं रेंज नसते गं."

"रिंग जाऊन राह्यल्ती, मामा."

आणि तेवढ्यात तो वाजला. कुणाचा होता कोण जाणे. ताट थरारलं, आणि त्याच्यावर तो नवा बझर असा किंचाळला की अंगणात पत्रावळी मांडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. वनिता त्याच्याकडं बघत राहिली. कुणी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

"एवढ्या मोठ्यानं वाजतो हा?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मंग ऐकलंच असंल आईनं."

एवढं बोलून ती पदर खोचून आत गेली आणि मोरीत भांडी घासायला बसली. वनिता अजून त्याच घरात नांदते आहे. त्या दिवशी बाहेर पंगत बसत होती, दादानं मला हाक मारली. मी जाऊन बसलो. वाढलं ते सगळं जेवलो.