सामायिक फोल्डरचे फेरफार

यज्ञेश्वररावांनी एकतीस वर्षं जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकुनी केली, आणि एवढ्या काळात एकाही माणसाचं काम पहिल्या खेपेत केलं नाही. लाच मात्र कधी घेतली नाही. त्यांना पैसा नको होता, खेपा हव्या होत्या. घाटंजीचा नाहीतर महागावचा कोणी एसटीनं येऊन टेबलासमोर उभा राहिला, की ते चष्मा वर सरकवून "प्रक्रिया चालू आहे" म्हणत आणि त्यांचा दिवस सार्थकी लागे. मग निवृत्ती आली. यवतमाळच्या घरात त्यांची परवानगी कोणालाच लागेना. महिनाभरात ते दाढीही न करता भिंतीकडे बघत बसू लागले.

दसऱ्याला मुलानं, सलीलनं, घरच्यांना गेम खेळायला एक दणकट कॉम्प्युटर जुळवला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, चौघांची चार खाती उघडली आणि मुख्य पासवर्ड बाबांकडे दिला. तेवढाच त्यांचा वेळ जाईल, हा त्याचा भाबडा हिशोब.

गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्यानं सामायिक फोल्डरमध्ये ठेवला. त्याच्या खात्यातून तो झोकात चाले. सून अनघा आपल्या खात्यातून सुरू करायला गेली, तर उघडेचना. पडद्यावर ओळ आली: हे फोल्डर तुमच्या मालकीचं नाही.

ती ओळ वाचून यज्ञेश्वररावांच्या अंगात वारं शिरलं. मालकी सलीलची, वहिवाट अनघाची. म्हणजे फेरफार आला. फोल्डरचा मालक बदलायची आज्ञा त्यांनी इंटरनेटवर शोधून पाठ केली, पण लगेच वापरतील तर ते यज्ञेश्वरराव कसले? आधी लेखी अर्ज मागितला. मग हरकतींसाठी फ्रिजवर नोटीस डकवली. तिसऱ्या दिवशी फोल्डर अनघाच्या नावावर चढलं, तिचा गेम सुरू झाला आणि सलीलचा बंद पडला. मग सलीलचा अर्ज आला. पाठोपाठ त्यांच्या पत्नीनं, रत्नप्रभाबाईंनीही अर्ज टाकला. पस्तीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्या बायकोला या गृहस्थानं पत्त्याचा पुरावा मागितला, आणि तिनं तो आणून दिला.

हिवाळा असा मजेत गेला. फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांच्या वाचनात भलतंच आलं. गेमचं ते फोल्डर प्रत्येकाच्या खात्यात वेगळं करून द्यावं, मालक बदलायची गरजच नाही, पाच मिनिटांचं काम, असं कोणीतरी लिहून ठेवलं होतं. हे घरात कळलं तर उद्यापासून कॉम्प्युटरच्या टेबलाशी अर्ज घेऊन कोण येणार? त्यांनी ते पान बंद केलं. पण मन खाऊ लागलं. शेवटी एकदा करून तर पाहू म्हणून त्यांनी मुख्य पासवर्ड घालून अनघाचं खातं उघडलं.

वेगळं फोल्डर तिथे होतंच. तारीख दिवाळीतली. सलीलकडेही होतं. रत्नप्रभाबाईंकडेही होतं, आणि बाई कालच खेळल्या होत्या.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. रत्नप्रभाबाई तूर निवडत होत्या. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. अनघानं दिवाळीतच सगळ्यांचं करून दिलं, असं सरळ सांगून टाकलं.

"मग अर्ज कायले करून राहिले तुम्ही लोक?"

"तुम्ही सकाळी दाढी करून बसायला लागले होते ना परत," त्या म्हणाल्या, आणि सुपातला खडा बाजूला टाकला.

यज्ञेश्वरराव टेबलाशी परत आले. राग आला होता, तो खुर्चीपर्यंत येता येता ओसरला. उरली नुसती लाज. आपल्यासाठी कोणी एवढं करावं, असं आपण कोणासाठी काय केलं, हे त्यांना कितीही आठवलं तरी आठवेना.

टेबलावर अनघाचा सकाळचा अर्ज पडला होता. त्यावर तारीख नव्हती. एरवी एवढ्या त्रुटीवर त्यांनी आठवडा काढला असता. त्यांनी स्वतःच्या हातानं तारीख घातली आणि सही केली.