पान कानाला लावणाऱ्या मावशी

मावशी पान खलात वाटण्याआधी कानाला लावायच्या. गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत लिंबू-मोसंबीच्या पानांची पूड करणं हे त्यांचं काम. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठलेलं पान खलात काचेसारखं फुटायचं. पण गोठवण्याआधी ते क्षणभर त्यांच्या कानाशी जायचंच. मी हसले की म्हणायच्या, "आपलं बघून घेते, ताई. आत कोन हाय का."

मी तेव्हा संदर्भ जनुकं शोधत होते. पान कोवळं असो की जून, पाणी भरपूर असो की तुटलेलं, ही जनुकं एकसारखी चालू राहतात. म्हणून बाकीची जनुकं त्यांच्याशी ताडून मोजायची. मला तीन सापडली होती. कुठल्याच झाडात ती हलली नव्हती.

एका फेब्रुवारीत मावशींनी सात नंबरच्या मोसंबीचं पान वाटायला नकार दिला. कामाला नाही म्हणणारी ही बाई नव्हे. पान माझ्या हातात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "ह्याच्यात कोनी नाय."

मी चिडून स्वतः वाटलं. मशीनवर तिन्ही जनुकं कोसळलेली. नमुना बिघडला असेल म्हणून पुन्हा घेतला, मग तिसऱ्यांदा. नमुने उत्तम होते, शेजारच्या झाडांचे आकडेही जागच्या जागी. मागच्या शेडनेटमध्ये जाऊन पाहिलं, तर झाड हिरवंगार, फुलांनी लगडलेलं. मधमाशी मात्र एकही नव्हती. नवव्या दिवशी ते उभ्या उभ्या वाळलं. तोवर मावशी त्याला रोज पाणी घालत होत्या.

अहवालातून मी सात नंबर गाळलं. कारण काय लिहिणार? पण मोह सुटेना. सगळ्या झाडांची पानं त्यांच्यापुढे मांडली आणि कुठलं झाड जाणार ते सांगा म्हटलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "कळून काय करनार, ताई? पानी तर समद्यांनाच घालायचं."

गेल्या वर्षी मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा त्यांना दिंडोरीला घेऊन गेला. निघताना खल धुऊन-पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या मला ताई म्हणाल्या नाहीत. "आता तू वाट, पोरी. पन कान लावू नको."

दोन महिने मी त्यांचं ऐकलं. मग एका दुपारी राहवलं नाही. पान चांगल्या, जोमदार झाडाचं होतं. आत कोणीतरी होतं.

मावशी इतकी वर्षं ते ऐकून पान खलात कशा टाकत होत्या, हे विचारायला मी अजून दिंडोरीला गेलेले नाही.