मामंजींचं पांढरं निशाण

आमच्या किलबारन या आयरिश फुटबॉल क्लबने साठ वर्षांत एकच चषक जिंकला, तोही एका गुणाने. चेंडू आडव्या दांडीवरून, दोन खांबांमधून गेला की खांबाशी उभा पंच पांढरं निशाण हलवून गुण देतो; त्या गुणाचं निशाण गोलखांबाशी उभं राहून फडकवलं होतं पंच असलेल्या माझ्या सासऱ्यांनी, मलाकींनी.

क्लबचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मी विचारलं, "मामंजी, खरं सांगा, चेंडू खांबांमधून गेला होता?"

ते हळूच म्हणाले, "चेंडू पाहिलाय कुणी! मी निशाणाने गांधीलमाशी हाकलत होतो."

सासूबाई पाव कापायची सुरी घेऊनच बाहेर आल्या. त्या सामन्यात हरलेल्या संघाचा गोलरक्षक त्यांचा सख्खा भाऊ.

"चाळीस वर्षं या माणसाला चहा पाजला मी!"

"मग माशीचं लिहू, आई?"

"खबरदार! चेंडू आतूनच गेला म्हणून लिही. दादा दर रविवारी इथे जेवतो. त्याला कळलं तर मरेपर्यंत तोंड मिटायचा नाही."