नायकाचे बूट

मुलगा सकाळी बुटांना पॉलिश करायला बसला, की त्या वासासरशी मी रेवसच्या धक्क्यावर जाऊन पोचतो. मी तेव्हा विशीत होतो आणि प्रेमाचा विनोदी सिनेमा काढणारी एक मंडळी तिथे उतरली होती. त्यांचा विनोद त्यांचा त्यांनाच कळत होता. प्रेमप्रसंगासाठी त्यांनी बाबांची होडी मागून घेतली, आणि मागे वल्हं धरून बसायचं काम मला मिळालं. मी चार दिवस केसांना तेल चोपडत होतो.

नायक चकचकीत बुटांसकट होडीत चढायला निघाला. आमच्यात होडीत कोणी पायताण घालून चढत नाही.

"साहेब, बूट काढून चढा," बाबा म्हणाले. "पोट हाय आमचं हिच्यावर."

नायकाने दिग्दर्शकाकडे पाहिलं, दिग्दर्शकाने नायिकेच्या उंचीकडे. बुटांना चार बोटं टाचा होत्या. त्या गेल्या असत्या तर हा प्रेमवीर तिच्या खांद्याला लागला असता.

"बाबा, चढू दे ना त्यांना," मी म्हणालो. माझं तोंड पडद्यावर येणार होतं ना.

बाबा माझ्याकडे वळले. "तो परका, त्याला ठावं न्हाय. तुला बी न्हाय?" एवढं बोलून ते बाजूला झाले.

पुढे अलिबागच्या थेटरात सिनेमा लागला. बूट झकास दिसले. माझं तेलकट डोकं चौकटीच्या बाहेरच राहिलं होतं. शेजारी बसलेल्या बाबांनी आपली होडी ओळखली, आणि अंधारात हळूच पायातल्या चपला काढून बाकाखाली सारल्या.