खसखशीचे लाडू

२०२४ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण वाशीच्या मसाला मार्केटात पाठीवर गोण्या वाहून सानपाड्यात स्वतःची खोली घेतली, लेक शिकवली, आणि कुणाच्या दारी सल्ला मागायला गेलो नाही. आता म्हातारपणी विमानात कसं बसायचं हे मला दुसऱ्यानं शिकवावं, हे काही पटणारं नव्हतं.

लेक आखातात. तिथंच बाळंत झाली. जावई समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर, महिना महिना घरी येत नाही. तिच्या आईनं जायचं, तर आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. राहिलो मी. ओल्या बाळंतिणीजवळ आपलं एक तरी माणूस हवंच.

बायकोनं स्टुलावर बसून डिंकाचे लाडू वळले. डिंक, खारीक, खोबरं, आणि वरून भाजलेली खसखस सढळ हातानं. डबा माझ्या जुन्या रेक्झिनच्या बॅगेत बसवला. मार्केटात कामाचे कपडे नेण्याआणण्याची तीच बॅग. नवी घ्यायची मला गरज वाटली नव्हती.

जायच्या आदल्या दुपारी समोरच्या बिल्डिंगमधला आखातवाला आला. माणूस कोकणातला, उमर तिकडं ट्रेलर चालवण्यात गेली. बायकोनं चहा टाकला.

"आबा, पैसे कुठं ठेवलेत?"

मी बंडीचा चोरखिसा दाखवला.

"सगळे एकाच जागी? वा. म्हणजे चोराला शोधायचा त्रास नको. तीन जागी करा. आणि विमानतळावर सगळे बदलून घेऊ नका, तिथं भाव मार खातो. टॅक्सीपुरते बदला."

"टॅक्सी कशाला? लेकीची शेजारीण न्यायला येणार आहे."

"आणि नाही आली तर?"

मी चहा प्यायलो.

"लेकीचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईल बंद पडतो. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी. काउंटरवरच्या साहेबाशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. वाचता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही, कुणी कितीही दरडावलं तरी. आणि कुणाचं पुडकं न्यायचं नाही."

"दोघं घेऊन आले होते. दारातूनच परत पाठवले," मी म्हणालो. एवढी अक्कल मलाही होती.

"मग बॅगेतल्या ह्या डब्यात काय?"

"माझ्या घरचे लाडू."

त्यानं कप खाली ठेवला. डबा उघडला, एक लाडू फोडला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"वहिनी, ह्यात खसखस आहे."

"बाळंतिणीचा लाडू म्हणजे असायचीच की," बायको म्हणाली.

"तिथं ती गांजा-अफूच्या रांगेत धरतात. लाडवात काय, पावावर चिकटलेली असली तरी."

मला हसू आलं. "अरे, पोलिसादेखत गोण्यांनी वाहिली मी खसखस. त्या गोणीला उचलायचा लोखंडी आकडा लावायचा नसतो, एक भोक पडलं की धार लागते. घरी येऊन आंघोळ केली की कानातून निघायची. ती खाऊन कुणाला नशा आली, दाखव मला."

"तो पोलीस इथला होता, आबा. तिथं ना भाषा, ना ओळख. तुम्ही आत बसलात तर बाहेर धावाधाव कोण करणार? ती बाळंतीण, पोर काखेत मारून?"

"माझ्या बायकोच्या लाडवाला कोण हात लावतो ते बघतोच मी."

तो तसाच उठला. आमच्या घरचा चहा त्यानं कधी अर्धा टाकला नव्हता. त्या दिवशी टाकला.

दिवेलागणीला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बाळ मांडीवर झोपलेलं.

"लाडू आणतोय गं," मी म्हणालो. "आईनं काही कमी केलं नाही. डिंक, खारीक, खसखस..."

"आबा."

फोन हलला. ती उठली, दार लावल्याचा आवाज आला. परत दिसली ती तोंड फोनच्या अगदी जवळ आणून.

"तो शब्द फोनवर घेऊ नका."

"का? कोण ऐकतंय?"

"ते माहीत नाही. म्हणूनच." तिनं बाळाला थोपटलं. "आमच्या मजल्यावर एक बाई होती. तिचे सासरे गावाकडून मसाला घेऊन आले होते."

"मग?"

"आता त्या घरात दुसरी माणसं राहतात." मग म्हणाली, "आबा, तुम्ही नाही आलात तर मी कसंही करीन. पण ते घेऊन येऊ नका. मला दोन्हीकडं पळता येणार नाही."

माझ्या लेकीनं मला येऊ नका म्हणण्याची ही पहिली वेळ.

फोन ठेवल्यावर बायकोनं डबा काढला आणि फडताळात ठेवला. मी पेपर पसरून बॅग उलटी केली, झटकली. पेपरवर बारीक पांढरे दाणे पडले. लाडवांचे, की मार्केटातले शिवणीत राहिलेले, कोण जाणे. बोट ओलं करून एकेक उचलले. जो माल जन्मभर गोणीनं उचलला, तो असा दाण्यादाण्यानं टिपत होतो. पुन्हा झटकली, पुन्हा चार पडले.

"अहो, झालं आता," बायको म्हणाली.

शिवणीत बोट घातलं. एक दाणा चिकटून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग मी सोसायटीच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकली आणि वाशीला जाऊन बॅगेचं दुकान उघडायची वाट बघत उभा राहिलो. दुकानदारानं काढून दिलेल्या पहिल्याच बॅगेचे पैसे दिले. मग तिथंच काउंटरवर तिचं अस्तर उलटं केलं, बोट ओलं केलं आणि सगळ्या कोपऱ्यांतून फिरवलं.

"काका, नवी आहे ती," दुकानदार म्हणाला.

"असू दे," म्हणालो, आणि पुन्हा फिरवलं.