तिसरा हंस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय टाळते. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

इथे परदेशात, आमच्या कॅरी गावाहून पूर्वेला तीनेक तास गाडी हाकली की मोठी तळी लागतात. हिवाळ्यात उत्तरेकडून तिथे रानहंस उतरतात. मी आणि शिरीष — माझ्या नवऱ्याचा ऑफिसातला मित्र — दोघांनाही त्यांचे फोटो काढायचं वेड. एका दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी माझा एक फोटो मोठा करून लावला. थंडीत बोटं बधिर होईपर्यंत थांबून काढलेला. शिरीष त्याच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अगं, हा तर हंसाचा पासपोर्ट फोटो! व्हिसा नक्की मिळणार याला." सगळा हॉल हसला. माझी मुलगीसुद्धा — "आई, इट्स सो ट्रू!" मीही हसले. हसावंच लागतं ना? पण तेव्हापासून मी डूख धरून बसले. एवढ्याशा चेष्टेवर? हो, एवढ्याशाच.

त्याच हिवाळ्यात त्याला तो फोटो मिळाला. दोन हंस एका रेषेत, पंख पुरते उचललेले, खाली सकाळचं पाणी. मागून मात्र तिसरा घुसलेला, अर्धा पंख चौकटीबाहेर. शिरीष लॅपटॉप घेऊन आमच्या डायनिंग टेबलाशी येऊन बसला. "स्पर्धेला पाठवतोय यार. तुझी नजर चांगली आहे, जरा बघ ना."

मी मनापासून मदत केली — हेच तर वाईट आहे. चोचींपुढे मोकळं आकाश ठेवलं, खालचं जास्तीचं पाणी कापलं. हंस आता कुठेतरी निघालेत असं वाटायला लागलं. राहिला तिसरा. त्याचा पंख दुसऱ्याच्या शेपटीवर आलेला, नुसतं कापून जाईना. मी म्हटलं, पुसून टाकू. तो बिचकला. "चालतं का असं?"

आणि मी — मला नियम पाठ होते. मीही त्याच स्पर्धेला फोटो पाठवणार होते. क्रॉप चालेल, उजेड कमीजास्त चालेल, पक्षी घालणं-काढणं अजिबात नाही. शिरीष नियम कधी वाचत नाही, हेही मला माहीत होतं.

"सगळेच करतात रे," मी म्हटलं. आणि स्वतःच्या हाताने तो हंस पुसला, इतक्या निगुतीने की आकाशावर डागसुद्धा राहिला नाही.

फोटो शेवटच्या फेरीत गेला. परीक्षकांनी मूळ फाइल मागितली. त्याने आनंदाने पाठवली. नाव बाद झालं, कारणासकट जाहीर झालं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका कुजबुजल्या, शिरीषने चीटिंग केलं म्हणे. मी पन्हं पीत म्हटलं, "काय माहीत बाई." आतून कशा उकळ्या फुटत होत्या, सांगू? त्या दिवसाची चव अजून जिभेवर आहे.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण त्याला ते कळलंच नाही. माझं नाव त्याने कुणालाही सांगितलं नाही. उलट मलाच फोन करून म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुठे माहीत होतं? नियम मी वाचायला हवे होते."

"हो," मी म्हटलं, "वाचायला हवे होतेस."

त्यानंतर त्याने फोटो काढणं सोडलं. एका शनिवारी घरी येऊन त्याची मोठी लेन्स मला देऊन गेला — "माझ्याकडे नुसती पडून राहील, तुझ्याकडे चीज होईल तिचं," म्हणाला. नको म्हणता आलं नसतं का? मी दोन्ही हातांनी घेतली. त्याला चहा केला.

या हिवाळ्यातही तळ्यावर गेले होते. त्या लेन्समधून हंस फार स्वच्छ दिसतात.