सूक्ष्मदर्शकावरचं कुंकू

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, १९७८. हजर: मी, बारावीतली माझी मुलगी, आणि तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील, त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. ठिकाण: प्रताप नगराजवळची दुसरी खाजगी शाळा. तिथल्या जीवशास्त्राच्या बाई आमच्या शेजारच्या. रविवारीही त्या प्रात्यक्षिकं घेत, म्हणून आत जाता आलं.

फी जवळपास सारखी, पुस्तकं तीच. तरी मेडिकलला दरवर्षी त्यांची बरीच मुलं लागत, आमच्या शाळेचं एखादंच. मुलीला मेडिकललाच जायचं होतं, आणि परीक्षा तोंडावर होती. असं का, ते बघायला आम्ही गेलो होतो. कारणं मी घरूनच मांडून नेली होती: शिक्षक चांगले, शिकवण्या जास्त, मुलं निवडून घेतलेली. भांडेवाल्यांच्या मते सगळी ओळखपाळख.

प्रयोगशाळा पाहून आमची निराशाच झाली. टेबलांवर डाग, कडा तुटलेल्या बशा. आमची कशी लख्ख!

बाईंनी मुलीला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. तिनं हात मागे बांधले. शेजारच्या टेबलावरची तिथली मुलगी हसून म्हणाली,

"हात लाव वं, चावत नाही तो. बाजूचा स्क्रू फिरव."

"आई, हा फिरतो," मुलगी म्हणाली. दोन वर्षं विज्ञान शिकून तिला हे त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात माझं लक्ष कुंकवाकडे गेलं. खंडेनवमीला दोन्ही शाळांत उपकरणांची पूजा होते. इथं कुंकू फक्त तळाच्या खाचेत उरलं होतं. बाकी सगळं मुलांच्या बोटांनी पुसून नेलं होतं. मी ताडकन उठले. आमच्या शाळेत काय असणार, ते मला तिथंच दिसलं.

सोमवारी मुलीला घेऊन आम्ही आमच्या मुख्याध्यापकांसमोर. त्यांनी अभिमानानं कपाट उघडलं. सूक्ष्मदर्शकावर गेल्या वर्षीचं कुंकू, त्यावर यंदाचं, दोन्ही जसंच्या तसं. मुलांच्या हाती दिलं की वस्तू मोडते, हे त्यांचं म्हणणं.

भांडेवाले शांतपणे म्हणाले, "सर, देवासारखं ठेवून राहिले तुम्ही त्याले. मोडलं तर मी भरून देतो. पण पोरायच्या हाती द्या."

मुख्याध्यापक आधी अवघडले, मग हसले, आणि सूक्ष्मदर्शक टेबलावर आला. मुलीनं डब्यातल्या कांद्याचा पापुद्रा काढला, स्क्रू फिरवला आणि डोळा लावून बसली. मागे वर्ग रांग लावून उभा राहिला, तरी ती उठेना. पेशी दिसल्या होत्या.

त्या वर्षी तिचा मेडिकलला नंबर लागला. वर्गातल्या आणखी तिघांचाही.

पण त्या कपाटाची किल्ली अजून संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खणात जाते. ते मीटिंगला गेले की कपाट बंद. किल्ली प्रयोगशाळेच्या दाराशीच टांगायची, असं तेव्हाच ठरलं होतं. माझा धाकटा मुलगा यंदा त्याच शाळेत अकरावीला गेलाय. किल्ली टांगायचा खिळा माझ्या पर्समध्ये आहे. ठोकायचा तेवढा राहिलाय.